ईल्सचा पहिला स्लॉट: घन पदार्थातली इलेक्ट्रॉनी उत्तेजनं मोजायला शिकताना

इलेक्ट्रॉन एनर्जी-लॉस स्पेक्ट्रोस्कोपीला प्रयोगशाळेच्या बोलीत सगळे ‘ईल्स’ म्हणतात. ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये, म्हणजे टीईएममध्ये, वेगवान इलेक्ट्रॉन पातळ सॅम्पलमधून आरपार जातात. त्यातले बरेचसे काहीच न गमावता बाहेर पडतात. उरलेले आतल्या इलेक्ट्रॉनांना थोडी ऊर्जा देऊन येतात. खाली बसवलेला चुंबकीय प्रिझम त्यांना ऊर्जेनुसार वेगळं करतो आणि कॅमेऱ्यावर स्पेक्ट्रम उमटतो: आडव्या अक्षावर गमावलेली ऊर्जा, उभ्या अक्षावर इलेक्ट्रॉनांची मोजणी. रुथेमानने १९४१ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात ठरावीक अंतराने येणारे ऊर्जाक्षय पाहिले होते. ते प्लाझ्मॉन, म्हणजे पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांची सामूहिक डोलणी, आहेत हे बोम आणि पाइन्स यांच्या सिद्धांताने पुढच्या दशकात उलगडलं.

हा लेख ० ते ५० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (ईव्ही) पट्ट्याबद्दल आहे, म्हणजे ‘लो-लॉस’बद्दल. प्लाझ्मॉन, आंतरपट्टा संक्रमणं (इलेक्ट्रॉनांच्या एका ऊर्जापट्ट्यातून दुसऱ्यात उड्या), एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा यांची बांधलेली जोडी) आणि बँडगॅप (भरलेल्या आणि रिकाम्या पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर) हे सगळं इथेच राहतं. फसवी शिखरंही इथेच सर्वांत जास्त भेटतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. ईल्सचा स्पेक्ट्रम म्हणजे प्रकाशशोषणाचा स्पेक्ट्रम नव्हे. यूव्ही-व्हिजचा, म्हणजे अतिनील आणि दृश्य प्रकाशाच्या शोषणाचा, आलेख शेजारी ठेवून ‘माझं शिखर का जुळत नाही’ असं विचारणारे दरवर्षी भेटतात. सिलिकॉन प्रकाश जोरात शोषतो ३.४ आणि ४.३ ईव्हीच्या आसपास. ईल्समध्ये त्याचं मोठं शिखर येतं १६.७ ईव्हीला. दोन्ही बरोबर आहेत. ईल्स जे मोजतं ते असं: पदार्थाच्या डायलेक्ट्रिक फंक्शनचा (विद्युत क्षेत्राला तो कसा प्रतिसाद देतो ते सांगणाऱ्या संमिश्र राशीचा) व्यस्त घ्या, ऋण चिन्ह लावा, आणि त्याचा काल्पनिक भाग पाहा. याला लॉस फंक्शन म्हणतात. डायलेक्ट्रिक फंक्शनचा वास्तव भाग जिथे शून्यातून जातो आणि काल्पनिक भाग लहान असतो, तिथे लॉस फंक्शन उसळतं. तोच प्लाझ्मॉन. त्यामुळे प्रकाशशोषणाशी तुलना करायची असेल, तर आधी क्रेमर्स-क्रोनिग गणित (काल्पनिक भागावरून वास्तव भाग काढणारं) करून डायलेक्ट्रिक फंक्शन काढायचं आणि मग तुलना करायची.

प्लाझ्मॉन कुठे दिसेल याचा अंदाज कागदावर काढता येतो आणि स्लॉटला जाण्याआधी तो काढाच. एका घन अँग्स्ट्रॉममध्ये किती व्हॅलन्स इलेक्ट्रॉन आहेत ते शोधा, वर्गमूळ घ्या, ३७.१ ने गुणा. उत्तर ईव्हीमध्ये येतं. ॲल्युमिनियमच्या ४.०५ अँग्स्ट्रॉम बाजूच्या घनात चार अणू, म्हणजे बारा इलेक्ट्रॉन. घनफळ ६६.४, घनता ०.१८१, उत्तर १५.८. प्रत्यक्ष मोजलेलं मूल्य १५.० ईव्ही. सिलिकॉनचं गणित १६.६ सांगतं, मोजणी १६.७. मुक्त इलेक्ट्रॉनांचं इतकं साधं गणित अर्धवाहकालाही लागू पडतं, याचं पहिल्यांदा नवल वाटतं. कारण एवढंच की १६ ईव्हीच्या मानाने सिलिकॉनचा बँडगॅप किरकोळ आहे.

कोणतं यंत्र मागायचं

मुंबईत टीईएम असलेल्या संस्था आहेत: पवईची आयआयटी, कुलाब्याची टीआयएफआर, ट्रॉम्बेचं बीएआरसी. आपल्या संस्थेबाहेरचं यंत्र हवं असेल तर आय-स्टेम हे सरकारी पोर्टल पाहा. सार्वजनिक पैशातून घेतलेली यंत्रं तिथे नोंदवलेली असतात आणि स्लॉटची विनंतीही करता येते. पण ‘टीईएम आहे’ याचा अर्थ ‘ईल्स आहे’ असा होत नाही. अर्ज भरण्याआधी ऑपरेटरला तीन गोष्टी विचारा: स्पेक्ट्रोमीटर बसवलेला आहे का, इलेक्ट्रॉन गन कोणती आहे, आणि २०० सोडून ८० किंवा ६० किलोव्होल्टला यंत्र जुळवून ठेवलेलं आहे का. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. व्होल्टेज बदलायचं तर यंत्र स्थिर व्हायला तास जातात, त्यामुळे तुमच्या चार तासांच्या स्लॉटमध्ये ते कोणी करून देणार नाही.

गन का विचारायची? लॅन्थॅनम हेक्साबोराइडच्या गनमधून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मुळातच १ ते १.५ ईव्ही पसरलेली असते. शॉटकी गनमध्ये हा पसारा ०.६ ते ०.८, कोल्ड फील्ड एमिशनमध्ये सुमारे ०.३, आणि मोनोक्रोमेटर (अरुंद ऊर्जापट्ट्यातलेच इलेक्ट्रॉन पुढे सोडणारं उपकरण) असेल तर ०.१ किंवा त्याहून बराच कमी. सिलिकॉन-ॲल्युमिनियमचे प्लाझ्मॉन कुठल्याही गनवर दिसतील. हेक्सागोनल बोरॉन नायट्राइडचा सहा ईव्हीच्या आसपासचा गॅप शॉटकीवर जमतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा ३ ते ३.२ ईव्हीचा गॅप म्हणजे शॉटकीसाठी काठावरची गोष्ट. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे १.९ आणि २ ईव्हीजवळचे एक्सायटॉन हवे असतील तर मोनोक्रोमेटर नसलेल्या यंत्रावर स्लॉट वाया घालवू नका. झीरो-लॉस पीक, म्हणजे काहीही न गमावलेल्या इलेक्ट्रॉनांचं शून्यावरचं शिखर, आसपासच्या संकेतापेक्षा शेकडो ते हजारपट उंच असतं. त्याच्या शेपटीखाली दोन ईव्हीचं काहीही सहज गाडलं जातं.

सॅम्पल

लो-लॉससाठी सॅम्पल इनइलॅस्टिक सरासरी मुक्त पथाच्या (इलेक्ट्रॉन एकदा ऊर्जा गमावेपर्यंत सरासरी जेवढं अंतर जातो त्याच्या) तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जाड असावं. २०० किलोव्होल्टला हा पथ पुष्कळ पदार्थांत १०० ते १५० नॅनोमीटर असतो, म्हणजे जाडी ढोबळमानाने ४० ते ७० नॅनोमीटर. जाड सॅम्पलमध्ये एकच इलेक्ट्रॉन दोन-तीनदा ऊर्जा देतो आणि स्पेक्ट्रम चिखल होतो. उलट, फार पातळ सॅम्पलही बरं नाही. वीस नॅनोमीटरच्या खाली पृष्ठभागाचे क्षय आतल्या क्षयांवर कुरघोडी करू लागतात.

सरावासाठी सर्वांत सोयीचं सॅम्पल म्हणजे सिलिकॉन वेफरचा तुकडा. खलात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून बारीक करा, दोन मिनिटं स्थिर राहू द्या, वरच्या थरातला थेंब लेसी कार्बनच्या (भोकाभोकांच्या कार्बन जाळीच्या) ग्रिडवर सोडा. कणांच्या धारदार कडा पुरेशा पातळ असतात. मोजायची जागा मात्र कार्बनच्या जाळीवर नको, भोकावर लोंबणारी हवी. नाहीतर कार्बनचा २४ ईव्हीजवळचा रुंद उंचवटा तुमच्या आकड्यांत मिसळतो.

फोकस्ड आयन बीमने पातळ पट्टी कापली असेल तर शेवटचं घासकाम ५ आणि मग २ किलोव्होल्टला करून घ्या. ३० किलोव्होल्टचा गॅलियम सिलिकॉनच्या प्रत्येक बाजूला सुमारे २० नॅनोमीटरचा स्फटिकपणा मोडून टाकतो. ६० नॅनोमीटरच्या पट्टीत ४० नॅनोमीटर कचरा असेल, तर मोजणार काय? थरांचे पदार्थ चिकटपट्टीने सोलले असतील तर गोंदाचे अवशेष उरतात आणि त्यांचं ५-६ ईव्हीचं π (पाय) शिखर ग्रॅफाइटच्या ७ ईव्हीच्या π-प्लाझ्मॉनचं सोंग घेतं.

जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत ग्रिड उघड्यावर ठेवणं म्हणजे ओल आणि तेलकट थर स्वतःहून बोलावणं. डेसिकेटर वापरा. निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ती १२० अंशांच्या ओव्हनमध्ये पुन्हा सुकवा. मायक्रोस्कोपमध्ये घालण्याआधी ग्रिड निर्वात ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास काही तास, जमल्यास रात्रभर, ठेवलं तर बरंचसं काम होतं. प्लाझ्मा क्लीनर झटपट आहे, पण ऑक्सिजनचा प्लाझ्मा कार्बनची जाळीही खातो. लेसी ग्रिडला पाच-दहा सेकंद बास. सल्फाइडला शक्यतो लावूच नका, पृष्ठभागाचं ऑक्सिडेशन होतं.

आत गेल्यावर पहिली तपासणी: मोजायच्या जागेपासून दूर किरण एका बिंदूवर मिनिटभर रोखून ठेवा, मग आवर्धन कमी करून बघा. ठिपका वाढलेला दिसला तर कार्बन साचतोय. अशा वेळी कमी आवर्धनावर किरण पसरून वीस-तीस मिनिटं सॅम्पलवर तसाच सोडतात, हायड्रोकार्बन जागच्या जागी जखडले जातात. वेळ गेल्यासारखा वाटतो, पण पुढचा सगळा स्लॉट वाचतो.

यंत्रावरचा क्रम

आधी सॅम्पल बाजूला सारा आणि किरण निर्वातातून, ग्रिडच्या भोकातून जाऊ द्या. झीरो-लॉस पीक घ्या. एक्सपोजर फार कमी ठेवा, एक ते दहा मिलिसेकंद. कॅमेऱ्यावर पीक सपाट दिसत असेल तर तो संपृक्त झालाय, किरण लगेच कमी करा. सिंटिलेटरवर कायमचा डाग पाडण्याचा मान नवख्यांनाच मिळतो.

मग स्पेक्ट्रोमीटर ट्यून करा. फोकस एक्स आणि फोकस वाय आलटून पालटून हलवत पीक अरुंद करा, त्यानंतर सेक्स्टुपोल एसएक्स आणि एसवायने दोन्ही बाजू सारख्या करा. आपोआप ट्यून करणारं बटन असतं. ते वापरा, पण डोळ्याने तपासा. शॉटकी गनवर अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.८ ईव्हीच्या आसपास यायला हवी. १.२ आली आणि ट्यूनिंगने हटेना, तर बहुतेक वेळा बाहेरची चुंबकीय क्षेत्रं जबाबदार असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पीक दर २० मिलिसेकंदांनी डोलतं. ओळखायची युक्ती: एक मिलिसेकंदाचे वीस-तीस स्पेक्ट्रम सलग घ्या. प्रत्येक स्पेक्ट्रम अरुंद पण जागा मागे-पुढे होत असेल, तर तो मेन्सचाच खेळ. स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यासाठी भरपाईची सोय असते, तिचा आकार आणि फेज जुळवावी लागते. पीक सेकंदासेकंदाने हळू सरकत असेल तर लिफ्टकडे संशयाने पाहा, तिचं हलणारं लोखंड क्षेत्र वाकवतं. इमारत लोहमार्गाला लागून असेल तर लोकल बंद असतात त्या रात्री एक ते चारच्या वेळेत मोजून बघा. फरक दिसला तर संवेदनशील कामासाठी रात्रीचाच स्लॉट मागा, झोपेचं काय ते नंतर.

डिस्पर्शन ०.०५ ईव्ही प्रति चॅनेल ठेवलं तर २०४८ चॅनेलमध्ये सुमारे १०२ ईव्ही मावतात. लो-लॉससाठी हे सोयीचं. मोनोक्रोमेटर नसेल तर त्याहून बारीक घेऊन काही मिळत नाही. डिस्पर्शनचा दाखवलेला आकडा खरा मानू नका. झीरो-लॉस शून्यावर आणि सिलिकॉनचा प्लाझ्मॉन १६.७ वर येतो का ते बघा.

आता कलेक्शन कोन, म्हणजे स्पेक्ट्रोमीटर किती कोनापर्यंत विखुरलेले इलेक्ट्रॉन आत घेतो तो. हा आकडा नोंदवलेला नसेल तर स्पेक्ट्रम नंतर कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. स्पेक्ट्रोमीटरच्या प्रवेश-अपर्चरची त्रिज्या भागिले त्या पातळीवरची कॅमेरा लांबी (डिफ्रॅक्शनचं परिणामी प्रक्षेपण-अंतर), एवढंच ते गणित. पाच मिलिमीटर व्यासाचं अपर्चर आणि २५० मिलिमीटर लांबी असेल तर २.५ भागिले २५०, म्हणजे १० मिलिरेडियन. गोची अशी की पॅनेलवरची कॅमेरा लांबी स्क्रीनची असते, अपर्चरच्या जागेची नव्हे. सोन्याच्या ग्रिडने एकदा मोजून घ्या: २०० किलोव्होल्टला सोन्याचं १११ वलय १०.६ मिलिरेडियनवर पडतं. स्पेक्ट्रोमीटरच्या कॅमेऱ्यावर ते कुठे येतं ते पाहून तुमच्या प्रत्येक कॅमेरा लांबीचा तक्ता करून ठेवा.

मग सॅम्पल. प्रत्येक जागी आधी स्थिरचित्र आणि डिफ्रॅक्शन, नंतर स्पेक्ट्रम. एका लांब एक्सपोजरपेक्षा पन्नास-शंभर छोटी घ्या, पीक जुळवून नंतर बेरीज करा. लांब एक्सपोजरमध्ये ड्रिफ्ट मिसळून जातो आणि मग तो वेगळा काढता येत नाही. डार्क रेफरन्स (किरण अडवून घेतलेली कॅमेऱ्याची नोंद) त्याच एक्सपोजरला, त्याच बिनिंगला, ताजा घ्या. सकाळचा डार्क दुपारी वापरला की स्पेक्ट्रमच्या पायथ्याला अशा पायऱ्या दिसतात की कोणालाही संक्रमण वाटावं. नकाशा हवा असेल, तर शंभर बाय शंभर बिंदू, प्रत्येकी १० मिलिसेकंद, म्हणजे निव्वळ १०० सेकंद आणि सुमारे ८० मेगाबाइट. आधी एवढाच घ्या. पाचशे बाय पाचशेचा मोह पहिल्या दिवशी नको.

ग्रॅफीन आणि ग्रॅफाइटसाठी ८० किलोव्होल्ट किंवा कमी वापरा. कार्बनचे अणू उडून जायला सुरुवात होते ती मर्यादा ८६ च्या आसपास आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमधला गंधक त्याच सुमाराला उडू लागतो आणि आयनीभवनामुळे होणारं नुकसान त्याआधीच सुरू होतं, म्हणून ६० बरं. एकाच जागेचा पहिला आणि शेवटचा स्पेक्ट्रम एकावर एक ठेवून बघा. फरक असेल तर मधले सगळे स्पेक्ट्रम हे मरत चाललेल्या सॅम्पलचे आहेत.

स्लॉट संपायच्या पंधरा मिनिटं आधी नवीन जागा शोधणं थांबवा. त्याच डिस्पर्शन, अपर्चर आणि एक्सपोजरला निर्वातातलं झीरो-लॉस पुन्हा घ्या. बँडगॅप काढताना वजा करायला हेच लागतं, आणि ते न घेतल्यामुळे अख्खा डेटा अडकून पडलेले प्रबंध कमी नाहीत.

घरी आल्यावर

डीएम३ किंवा डीएम४ फाइल उघडायला डिजिटल मायक्रोग्राफची मोफत आवृत्ती चालते. पायथॉन येत असेल तर हायपरस्पाय आणि त्याच्या जोडीला ईल्ससाठीचं एक्सस्पाय घ्या. क्रम असा: कॉस्मिक किरणांचे काटे काढा, झीरो-लॉस शून्यावर जुळवा, मग जाडी.

जाडीचं गणित सर्वांत आधी करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पूर्ण स्पेक्ट्रमची मोजणी भागिले झीरो-लॉसखालची मोजणी, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम. समजा एकूण दहा लाख आणि झीरो-लॉसखाली ६.०७ लाख: भागाकार १.६५, लॉगरिदम ०.५. म्हणजे जाडी मुक्त पथाच्या निम्मी. पथ १३० नॅनोमीटर धरला तर ६५ नॅनोमीटर. ०.५ ला दुसऱ्या प्लाझ्मॉनचं क्षेत्रफळ पहिल्याच्या पाव असतं, ०.३ ला सुमारे सातवा हिस्सा. हे पुनरावृत्तीचे क्षय फूरिये-लॉग डीकन्व्होल्यूशनने काढून टाकता येतात. पण १ च्या वरच्या सापेक्ष जाडीवर ते गणित गोंगाटच वाढवतं, तेव्हा पातळ जागा शोधलेली बरी.

क्रेमर्स-क्रोनिगसाठी स्पेक्ट्रमला निरपेक्ष मोजपट्टी लागते. अर्धवाहकात ती पदार्थाच्या ज्ञात अपवर्तनांकावरून बसवतात, धातूत अपवर्तनांकाची गरजच पडत नाही. शून्याजवळ झीरो-लॉस वजा करण्याची पद्धत बदलून गणित दोनदा करा. तीन ईव्हीखालचं उत्तर पद्धतीबरोबर बदलत असेल तर ते उत्तर छापू नका.

फसवी शिखरं

रिचीने १९५७ मध्ये भाकीत केलं आणि पॉवेल व स्वान यांनी १९५९ मध्ये ॲल्युमिनियम व मॅग्नेशियममध्ये दाखवलं, ते पृष्ठभाग-प्लाझ्मॉन. ॲल्युमिनियमच्या स्वच्छ पृष्ठभागावर तो १०.६ ईव्हीला, म्हणजे १५ भागिले दोनाचं वर्गमूळ. ऑक्साइडचा थर चढला की ७ च्या आसपास उतरतो. हवेतून आलेल्या सॅम्पलवर ऑक्साइड असणारच. ओळखण्याची खूण सोपी आहे: वेगवेगळ्या जाडीच्या तीन जागी मोजा. आतला क्षय जाडीबरोबर वाढतो, पृष्ठभागाचा जवळपास तेवढाच राहतो.

चेरेन्कोव्हचा त्रास जास्त छुपा. इलेक्ट्रॉनचा वेग पदार्थातल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त झाला की तो प्रकाश फेकतो आणि त्याचा क्षय नेमका बँडगॅपच्या भागात येऊन बसतो. २०० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ०.६९५ पट वेगाने जातो, त्यामुळे १.४४ च्या वरचा अपवर्तनांक असलेला प्रत्येक पदार्थ यात सापडतो. बहुतेक सगळे अर्धवाहक आलेच. ६० किलोव्होल्टला ही सीमा २.२४ वर जाते. २.५ अपवर्तनांकाच्या टायटॅनियम डायऑक्साइडला पूर्ण सुटका हवी तर ४६ किलोव्होल्टखाली, सिलिकॉनला २४ खाली उतरावं लागेल. तेवढं शक्य नसेल तर चेरेन्कोव्हचे इलेक्ट्रॉन मूळ दिशेच्या अगदी जवळ, मिलिरेडियनच्या दहाव्या हिश्श्याच्या आत असतात याचा फायदा घ्या: समांतर किरण ठेवून अपर्चर मध्यापासून जरा बाजूला सरकवा. मोजणी कमी होईल, पण खोटा उंचवटाही बसेल.

अपर्चर असं सरकवायला जमलं की पुढचं काम हाताशीच आहे: उत्तेजनाचा संवेग. २०० किलोव्होल्टला एक मिलिरेडियन म्हणजे ०.२५ प्रति अँग्स्ट्रॉम. ॲल्युमिनियमचा प्लाझ्मॉन ०.५ प्रति अँग्स्ट्रॉमला, म्हणजे दोन मिलिरेडियनवर, सुमारे पाऊण ईव्हीने वर सरकतो आणि १.३ प्रति अँग्स्ट्रॉमच्या आसपास इलेक्ट्रॉन-होल जोड्यांत विरघळतो. दोन मिलिरेडियन वेगळे काढायचे तर किरणाचा स्वतःचा कोन आणि कलेक्शन कोन दोन्ही त्याच्या बरेच खाली हवेत. पंचवीस मिलिरेडियनच्या स्टेम प्रोबने (बिंदूवर एकवटलेल्या किरणाने) हे मोजायला बसू नका.

ग्रॅफाइटसारख्या थरांच्या पदार्थात दिशेचं भान ठेवा. ७ ईव्हीच्या क्षयासाठी मूळ दिशेतला संवेग ०.०२ मिलिरेडियनइतका क्षुल्लक असतो, त्यामुळे किरण थरांना काटकोनात असेल तर जवळपास सगळा संवेग थरांच्या प्रतलातच दिला जातो. थरांना काटकोनातल्या दिशेचा प्रतिसाद हवा असेल तर पापुद्रा पाहून चालणार नाही, आयन बीमने उभा छेद कापून घ्यावा लागेल.